समोरच्याची बॅट बघितली का?

चाळीसगावच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा दहावीत आहे, पाच वर्षांपासून टेबल टेनिस खेळतो, जिल्ह्यात त्याचं नाव आहे. मध्यंतरी त्याने मित्रांबरोबर ‘मार्टी सुप्रीम’ हा एका माजोरड्या टेबल टेनिसपटूवरचा चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून पोराचा नूरच बदलला. मॅचच्या आधी समोरच्याला “तुला तीन-शून्यने घरी पाठवतो” म्हणतो. गेल्या स्पर्धेत हरल्यावर हात न मिळवता बॅग उचलून निघून आला. घरात म्हणतो, नम्र माणसं चॅम्पियन होत नाहीत. कोच म्हणतात, महिनाभर हॉल बंद करा, आपोआप जमिनीवर येईल. आजोबा म्हणतात, गर्वाचं घर खाली. वडिलांना मात्र वेगळीच भीती आहे: माज मोडताना पोराचा खेळच मोडला तर? शेवटी त्यांनी विचारलंय, मोठा खेळाडू व्हायला हा माज लागतोच का?

भाऊ, मी भुसावळला अठ्ठावीस वर्षं पोरांना टीटी शिकवतोय. तुमच्या मुलासारखी पोरं दर दोन-तीन वर्षांनी एक तरी हॉलमध्ये येतात. त्यांच्यातलीच काही पुढे गेली आणि त्यांच्यातलीच काही सोळाव्या वर्षी बॅट माळ्यावर टाकून मोकळी झाली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. चित्रपट मी दोनदा पाहिलाय. एकदा गोष्टीसाठी आणि एकदा फक्त बॅटी आणि हात बघण्यासाठी.

आधी त्या गोष्टीमागची खरी गोष्ट मुलाला सांगा. ती आपल्या मुंबईत घडलेली आहे आणि पोरांना हे सांगितलं की त्यांचे कान टवकारतात. चित्रपटातली नावं, प्रसंग कल्पनेतले आहेत, पण ज्याच्यावरून ते पात्र सुचलं तो मार्टी राइझमन खराखुरा माणूस होता. न्यूयॉर्कचा, जन्म 1930 चा, हडकुळा, कपड्यांचा शौकीन आणि पैशाच्या पैजा लावून खेळणारा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी केलेली सिगारेट तो बॉल मारून मधोमध मोडायचा. 1949 ला त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, त्याच वर्षी विश्व अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं. तोंडाने फटकळ होता, पण हातात कसब होतं. सिगारेट मोडण्याची करामत बघून पोरं टाळ्या वाजवतात. ती हातात बसायला किती हजार बॉल मारावे लागले असतील, हे मात्र कुणी विचारत नाही. तुमच्या मुलाला ते विचारायला लावा.

तर 1952 साल. विश्व अजिंक्यपद स्पर्धा आशियात पहिल्यांदाच भरली आणि ती मुंबईत भरली. राइझमन जिंकायच्याच तयारीने आला होता. त्या काळी सगळ्यांच्या बॅटीला नुसतं दाणेदार रबर असायचं, खाली स्पंज नाही. अशा बॅटीवर बॉल लागला की टक् असा खणखणीत आवाज येतो. जुने खेळाडू निम्मं कानाने खेळायचे. आवाजावरून कळायचं, बॉल किती जोरात आलाय, कापलाय की सरळ मारलाय. त्या स्पर्धेत जपानहून हिरोजी सातोह नावाचा चष्मेवाला, शांत खेळाडू आला. त्याच्या बॅटीवर जाड स्पंजचा थर होता. बॉल लागला तरी आवाज नाही. बॉल स्पंजमध्ये किंचित रुतायचा आणि कधी उशिरा, कधी अंदाजाच्या दुप्पट वेगाने बाहेर यायचा. राइझमन त्याच्याकडून हरला. एकटा राइझमनच नाही, भलेभले हरले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातोह विश्वविजेता झाला. पुरुष एकेरीत तो मान मिळवणारा पहिला आशियाई.

पुढचं ऐका. सातोह पुन्हा कधी विश्वविजेता झाला नाही, पण त्याच्या स्पंजने खेळ कायमचा बदलला. 1959 ला आंतरराष्ट्रीय संघटनेने नुसत्या स्पंजची बॅट बंद केली, स्पंज आणि वर रबर अशी बॅट चालू ठेवली आणि दोन्ही मिळून जाडी 4 मिलिमीटरवर बांधून टाकली. आज तुमचा मुलगा जी बॅट घेऊन मिरवतो ती त्याच नियमातली आहे. राइझमनने मात्र जुन्या बॅटीचा नाद सोडला नाही. आयुष्यभर तिच्याच बाजूने भांडला आणि 1997 ला, वयाच्या 67 व्या वर्षी, जुन्या बॅटीची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दाखवली.

या माणसाबद्दल माझं मत एका बाजूचं नाही. सदुसष्टाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्याच्या अंगात जी रग असते, ती मला माझ्या प्रत्येक पोरात हवी आहे. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवताना म्हातारी माणसं बैलाच्या वशिंडाला हात लावून म्हणतात ना, “याच्यात रग आहे.” ती रग. पण जगातला सगळ्यात चांगला हात असलेला माणूस, नवी बॅट समोर आल्यावर तिच्यापुढे नवा हात तयार करू शकला नाही, हेही तेवढंच खरं. त्याला इतिहासाने फसवलं असं तुमचा मुलगा म्हणेल. म्हणू द्या. त्याला एवढंच विचारा: तू शेवटच्या मॅचआधी समोरच्याची बॅट बघितली होतीस का?

हे मी उगाच विचारत नाही. आपल्या खेळाचा नियमच आहे की मॅच सुरू होण्याआधी खेळाडूने आपली बॅट समोरच्याला आणि अंपायरला दाखवायची आणि त्यांना ती तपासू द्यायची. मधे बॅट बदलली तरी पुन्हा दाखवायची. हा शिष्टाचार नाही, तुमचा हक्क आहे. बॅटीच्या दोन बाजूंचे रंगही त्यासाठीच वेगळे ठेवलेले आहेत. पूर्वी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या. खेळाडू एका बाजूला एक रबर, दुसऱ्या बाजूला भलतंच रबर लावून हातातल्या हातात बॅट फिरवायचे आणि समोरच्याला कळायचंच नाही. त्यावर 1980 च्या दशकात रंगांचा नियम आला. पण काळ्या बाजूला कुठलं रबर आणि लाल बाजूला कुठलं हे आधी हातात घेऊन बघितलं नसेल, तर रंग दिसून काय उपयोग?

माझ्याकडे एक पोरगा होता. नाव लिहीत नाही, आता तो चांगल्या नोकरीत आहे. फोरहँड असा की टेबल हादरायचं. त्याला भीती ठाऊक नव्हती आणि मला ते आवडायचं, हे कबूल करतो. मीच त्याला चारचौघांत “आपला वाघ” म्हणायचो. राज्य स्पर्धेच्या निवडीत त्याच्यासमोर धुळ्याकडचा एक पोरगा आला. किडमिडीत, पायात साधे कॅनव्हासचे बूट. त्याने रीतसर आपली बॅट पुढे केली. आमच्या वाघाने ती हातातही घेतली नाही, मान हलवली आणि सर्व्हिसच्या जागी जाऊन उभा राहिला. मी बाकावर होतो. त्या पोराचे मामा माझ्या शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, “मास्तर, तुमना पोऱ्यानी बॅट देखी नही.” मी हसून सोडून दिलं.

त्या बॅटीच्या काळ्या बाजूला लाँग पिंपल होतं. लांब, मऊ दाण्यांचं रबर, बॉल लागला की दाणे वाकतात. ते कसं काम करतं ते सांगतो, कारण तुमच्या मुलाचीही कधी ना कधी त्याच्याशी गाठ पडणार आहे. साध्या रबरावर तुम्ही टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरणारा बॉल, मारलात की समोरचा स्वतःची फिरकी त्यावर चढवतो. लाँग पिंपलवर मात्र बॉलची फिरकी जवळपास तशीच राहते, फक्त बॉल माघारी वळतो. म्हणजे तुम्ही मारलेला टॉपस्पिन तुमच्याकडे येईपर्यंत उलटी फिरकी होऊन येतो. जेवढा जोरात माराल, तेवढी जास्त उलटी फिरकी. तुम्ही पुन्हा जोरात मारायला जाता, बॉल नेटमध्ये. मग घाबरून नुसता पुश करता, म्हणजे बॉल खालून हलकेच कापून ढकलता, तर तिकडून बॉल तरंगत, पुढे झेपावत येतो आणि तुमचा पुश टेबलाबाहेर.

आमच्या वाघाने पहिल्या गेममध्ये नऊ बॉल नेटमध्ये घातले. मी बाकावरून मोजले. दर बॉलनंतर तो बॅटीकडे बघायचा, मग टेबलाकडे, मग अंपायरकडे. दुसऱ्या गेमला त्याने जोर वाढवला. माणसाला एकच उत्तर येत असलं की तो तेच मोठ्याने म्हणतो. तीन-शून्यने हरला. बाहेर आल्यावर म्हणाला, “बॉल फुटका होता सर, टेबलही स्लो होतं.” नाचता येईना, अंगण वाकडं. मी खिशातून तोच बॉल काढून त्याच्या हातात ठेवला. अंपायरकडून मागूनच आणला होता. त्याने तो बोटांत फिरवून बघितला, कानाशी धरला, दाबला. बॉल चांगला होता. काही बोलला नाही. परतीच्या गाडीत जळगाव येईपर्यंत तो बॉल त्याच्या मुठीतच होता.

त्यात त्याच्याएवढी चूक माझी होती. मला मॅच चालू व्हायच्या आधी दिसलं होतं की त्याने बॅट बघितली नाही. शेजारच्या माणसाने सांगितलंही होतं. वाघ म्हणवून घेणाऱ्याला बॅट बघायची गरज वाटत नाही आणि तो वाघ मीच केला होता. तेव्हापासून हॉलमध्ये कुठल्याच पोराला मी प्राण्याचं नाव देत नाही.

त्यानंतर मी त्याला भाषण दिलं नाही. मी स्वतः लाँग पिंपलची बॅट घेतली आणि दीड महिना रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्याशी त्याच बॅटीने खेळलो. पहिला आठवडा तो चिडला. “हे म्हाताऱ्यांचं रबर आहे” म्हणाला. पोरं हे हमखास म्हणतात. त्यांना सांगा, मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपलच लावते आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने त्याच बॅटीने एकेरीचं सुवर्ण आणलं. तिसऱ्या आठवड्यात तो मला विचारायला लागला: सर, आत्ताचा बॉल असा का आला? या प्रश्नाची मी वाट बघत होतो. माझ्या अनुभवात पोरगा पुढे जाणार की नाही ते याच प्रश्नावरून कळतं, पदकांवरून नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मुलाचा माज मोडायच्या मागे लागू नका. पंधराव्या वर्षी “मी सगळ्यांना हरवणार” असं वाटत नसेल, तर भुसावळच्या मे महिन्यात कोण खेळेल? इथे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि हॉलमधले पंखे बंद ठेवावे लागतात, कारण 2.7 ग्रॅमचा बॉल पंख्याच्या वाऱ्याने हलतो. पोरांच्या कोपरातून घाम ठिबकतो, टेबलाखाली फरशीवर ओल येते, बॅटीची मूठ घसरते म्हणून ती टॉवेलच्या पट्टीने गुंडाळतात. अशात दोन तास मल्टिबॉल, म्हणजे कोचने एकामागून एक टाकलेले बॉल मारण्याचा सराव, करणाऱ्या पोराच्या डोक्यात स्वतःबद्दल काहीतरी मोठं असावंच लागतं. ते काढून घेतलंत तर तो संध्याकाळी घरी कूलरसमोर झोपेल आणि त्याला दोषही देता येणार नाही.

पण त्याचा माज कुठल्या वेळी बोलतो, ते बघा. सरावात कमकुवत फटका घोटायची वेळ आली की तो काय करतो? ज्याचा फोरहँड चांगला, त्याला मी मुद्दाम पाऊण तास बॅकहँड पुश देतो. जो “हे मला येतं सर” म्हणून पुन्हा फोरहँडकडे वळतो, त्याची मला काळजी वाटते. जो चरफडत का होईना करतो, त्याची नाही. आपल्यापेक्षा तीन वर्षांनी लहान पोरगा दोन गेम घेऊन गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशीच खेळायला मागतो का? मल्टिबॉल संपल्यावर हॉलभर पसरलेले बॉल वेचायला खाली वाकतो का, की पाणी प्यायला जातो? मी बाकावर बसून हेच बघत असतो. चित्रपटातल्या त्या नायकाचंही मला हेच खटकलं. टेबलावर तो जे बोलतो ते मी सोसेन, पण तो माणसं वापरतो. ज्यांच्या जिवावर तो खेळतो त्यांचे पैसे, त्यांचा वेळ, त्यांची अब्रू, सगळं त्याला आपलं हक्काचं वाटतं. हा माज घरात एक दिवसही खपवून घेऊ नका. मुलाने आईला ताटावरून उलट उत्तर दिलं, तर त्या दिवशी सराव नाही, एवढं साधं ठेवा. आणि नव्या रबराचे पैसे कपाशीच्या पैशातून आलेत, की दुकानातून, की ओव्हरटाइममधून, ते त्याला माहीत असू द्या. रबर स्वस्त नसतं आणि रोज खेळणाऱ्याचं काही महिन्यांत मरतं, हे तुम्ही जाणताच.

हात न मिळवण्याबद्दल मी कडक आहे. यात चर्चा नाही. आपल्या खेळात वागणुकीसाठी अंपायर आधी पिवळं कार्ड दाखवतो, त्याच मॅचमध्ये पुन्हा केलं तर समोरच्याला एक गुण, तिसऱ्यांदा दोन गुण. मोठ्यांनाही सूट नाही. चीनचा झांग जिके विश्वविजेता आणि ऑलिंपिक विजेता, पण 2014 ला विश्वचषक जिंकल्यावर त्याने आनंदाच्या भरात जाहिरातींच्या पाट्या लाथेने मोडल्या आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याची बक्षिसाची रक्कमच रोखली. तुमच्या मुलाला हा झांग ठाऊक असणारच, या पोरांच्या मोबाईलमध्ये त्याचे व्हिडिओ असतात. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर शरथ कमलचा दाखवा. 2006 ला राष्ट्रकुलचं एकेरीचं सुवर्ण, मग 2022 ला चाळिशीत पुन्हा तेच सुवर्ण. मधल्या सोळा वर्षांत बॉल बदलला, बॅटीला रबर चिकटवायचा गोंद बदलला, समोरची पिढी बदलली आणि त्याने प्रत्येक वेळी आपला खेळ नव्याने बसवला. त्याच्यात महत्त्वाकांक्षा कमी होती असं कोण म्हणेल?

आता कोचच्या महिनाभराच्या बंदीबद्दल. त्यांचा हेतू चांगला असेल, पण मी असं करणार नाही. महिनाभर बाहेर बसलेला पोरगा जमिनीवर येत नाही. तो घरी बसून तो चित्रपट आणखी चार वेळा बघतो आणि ठरवतो की जग आपल्या विरुद्ध आहे. त्याऐवजी पुढच्या तालुका किंवा शालेय स्पर्धेत त्याला दोन दिवस अंपायरच्या खुर्चीवर बसवा. खेळायचं नाही, फक्त पंचगिरी. प्रत्येक मॅचआधी दोन्ही खेळाडूंच्या बॅटी त्याला हातात घेऊन बघाव्या लागतील, रबराचे दाणे बोटाने चाचपावे लागतील. सर्व्हिसचा बॉल 16 सेंटिमीटर वर गेला की नाही ते डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. बाराव्या मॅचपर्यंत मान अवघडते. आणि त्याच्यासमोर चाळीसएक पोरं हरतात, जिंकतात, चिडतात, रडतात, हात मिळवतात. खुर्चीवरून ते बघताना पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी कधी शब्दांनी आणू शकलो नाही. माझ्या त्या पोरालाही मी असंच बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, “सर, नववीतल्या त्या पोरीकडे लाँग पिंपल आहे. समोरचीने बघितलंच नाही.”

तुमच्याबद्दलही एक सांगतो, राग मानू नका. मुलाच्या जिंकण्याचे फोटो तुम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत असाल, तर हरण्याचा निकालही त्याच ग्रुपवर टाका. नाव, स्कोअर, समोरच्याचं गाव. एवढंच, रडगाणं नाही. मी माझ्या हॉलच्या फळ्यावर दोन्ही लिहितो. आपला बाप फक्त जिंकल्यावर आपला असतो, असं पोराला वाटलं की तो हरण्याला इतका घाबरतो की तोंडाने वाघ होतो. मी पाहिलेल्या उर्मट पोरांपैकी निम्मी तरी घाबरलेलीच होती.

जमलं तर एखाद्या रविवारी मुलाला भुसावळला घेऊन या. चाळीसगावहून सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारच्या सत्रात त्याला खेळवता येईल. माझ्याकडे एक सातवीतली मुलगी आहे, तिच्याशी त्याची मॅच लावतो. ती बॅट पुढे करेल तेव्हा त्याला काही सांगू नका, डोळ्यानेही खुणावू नका. तुम्ही माझ्याबरोबर बाकावर बसा. आणि पंखे बंद असतील, म्हणून त्याच्या बॅगेत दोन टॉवेल टाका.